गिरणीकाराची पावणी

डाव्या हातात नारळ उंच धरायचा, उजवा डोळा बारीक करायचा, सभामंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत नजर फिरवायची आणि म्हणायचे, "ए-ए-एक वार!"

एवढे झाले की तो थांबे. नारळावर फुंकर घाली, जणू त्यावर धूळ बसली आहे. मग "दो-दोन वार!" आणि त्यानंतर त्याचा जबडा पुढे येई, मानेच्या शिरा फुगत, एक पाय आपोआप उचलला जाई, आणि "ती" या अक्षरावर तो असा अडके की समोर बसलेल्या माणसांचेही श्वास तिथेच अडकत. "ती... ती... ती..." तेवढ्यात कुठल्या तरी कोपऱ्यातून आवाज येई, "आनीक दोन रुपया!" की हा तोंड मिटी, पंच्याने कपाळ पुसी आणि पुन्हा एकपासून सुरू.

आमच्याकडे, म्हणजे डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से बाजूच्या गावांत, देवळातला भजनी सप्ताह संपला की काल्याच्या दुपारी पावणी होते. देवाला आलेली फळे, नारळ, केळीचे घड, पावसाळी भाजी यांचा लिलाव. बाजारात मिळते तेच सगळे, पण देवापुढून आलेले, म्हणून माणसे चढाओढीने घेतात. ही पावणी पुकारणारा माणूस गावात मोठा मानला जातो. त्याच्या आवाजावर देवळाचे वर्षभराचे तेल आणि वाती चालतात असे म्हणतात. आणि आमच्या गावात हा मान एका तोतऱ्या माणसाकडे होता.

हे मला कधी पटले नाही. तुम्हालाही पटणार नाही. धावण्याच्या शर्यतीत पांगळा पहिला आला तर टाळ्या वाजवाव्यात, पण जो दुसरा आला त्याच्या तोंडाकडेही कुणी तरी बघावे.

तो दुसरा म्हणजे मी.

माझा आवाज चांगला होता. हे मला स्वतःच सांगावे लागते, कारण गावात दुसरे कुणी सांगत नसे. साखळीच्या शाळेत असताना वक्तृत्वाच्या ढाली मीच आणायचो. पणजीच्या कॉलेजात प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर म्हटले होते की या मुलाचा एकेक शब्द धुतल्या तांदळासारखा पडतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. माझे वडील खाणीवर मजुरी करून आले की अंगणात बसून माझ्याकडून धडा मोठ्याने वाचून घ्यायचे आणि शेजाऱ्यांना हाक मारायचे, "आयकात रे!" त्यांचे आणि गावाचे उपकार मी मानतो. म्हणूनच मला वाटायचे, हा आवाज गावाच्या कामी यावा. मी मास्तर होऊन गावात परतलो होतो. पावणी पुकारायला आणखी काय लागते?

आता त्याच्याकडे बघा. बुटका, पोट पुढे, खांदे पडलेले. गावात त्याची भात कांडायची आणि पीठ दळायची गिरण होती, त्यामुळे भुवया बारा महिने पांढऱ्या. गिरणीत पट्टा फिरत असला की कुणालाच काही ऐकू येत नाही. जाड की बारीक, आज की उद्या, सगळे हातवारे करून. मला वाटे, देवाने याला अगदी योग्य जागी बसवले आहे. पण वर्षातला एक दिवस हा तिथून उठून माईकसमोर येई, आणि माझ्या ढाली माझ्या घरी खुंटीला टांगलेल्या राहत.

बरे, माणूस नम्र असता तरी मी सोसले असते. नम्र कसला! पावणीच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल चोपडून काल्याच्या आधी तासभर येऊन बसे. माईकवाल्याला खुणेने आवाज वाढवायला लावी. घडातले पिकलेले केळे पुकारता पुकारता सोलून खाई आणि माल पारखल्याचा आव आणून म्हणे, "मा-माल बघूंक जाय मरे!" लोक हसत. मी खाल्ले असते तर हिशेब मागितला असता.

ते दिवस आठवा. भाषेवरून घराघरांत वाद होते. आम्ही घरी कोंकणी बोलायचो, शाळेत मराठी शिकवायचो, आणि संध्याकाळी तिठ्यावर या दोन्ही भाषांत भांडायचो. एका वर्षी देवळाच्या बैठकीत कुणीतरी विचारले, यंदा पावणी मराठीतून पुकारायची की कोंकणीतून? माझ्याकडे दोन्हींची तयारी होती. मी घसा साफ केला. तेवढ्यात मागून एक म्हातारा म्हणाला, "ती गिरणीकाराच्या भाशेंत जावंदी. ती सगळ्यांक कळटा." बैठक हसत उठली. माझा घसा साफच राहिला.

माझ्या मनाने मग एकच धरले. हा माणूस मुद्दाम अडकतो. पुरावेही होते. भजनात तो टाळ घेऊन उभा राहिला की अभंगाची ओळ सरळ, गोड, कुठेही न ठेचकाळता म्हणे. गिरणीचा पट्टा तुटला की शिवी तर इतकी अस्खलित येई की बायका पदर तोंडाला लावत. मग "तीन" तेवढेच का येत नाही? बाजारात मासळी घेताना मी त्याच्या मागे उभा राहून पाहिले आहे. तिथेही तो अडके. पण तिथे मासळी स्वस्त होई, इथे नारळ महाग होई. दोन्हीकडे फायदा त्याचाच. सांगा, असल्या माणसाचा मत्सर नाही करायचा तर कुणाचा?

आईला हे बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. ती त्याच्याच बाजूची. ती दर पावसाळ्यात डोंगरउतारावर तवशी, म्हणजे पावसाळी जाड काकड्या, लावी, आणि वेलाला आलेले पहिले मोठे तवसे देवाला देई. तान्ह्या मुलाएवढे तवसे. गिरणीकार ते हातांवर आडवे घेऊन अंगाई म्हटल्यासारखा हलवी आणि मग पुकारा सुरू करी. आई बायकांच्या घोळक्यात बसून कुठे बघावे ते न सुचून जमिनीकडे बघत राही. घरी आल्यावर, लोक एवढे थांबले याचे अप्रूप वाटून म्हणे, "म्हज्या तवशाक आयज कितलो वेळ रावले लोक!" भाषणात मला ढाल मिळाली तेव्हा ती उलटसुलट करून, हिचा उपयोग काय अशा नजरेने तिने विचारले होते, "हिचें कितें करतात?"

पावणीचा एक नियम आहे, तो इथे सांगतो. ज्याच्या हातात माईक, त्याने बोली लावायची नाही. त्याच्या घरच्यांनीही नाही. उगाच संशय नको. त्यामुळे गिरणीकाराच्या घरात देवाचा प्रसाद जाई, पण पावणीतली वस्तू कधी गेली नव्हती. त्याची बायको मात्र दरवर्षी पहिल्या रांगेत बसे. अबोल बाई. गिरणीत पिशव्या ओळीने लावायची, पीठ चाळायची. नवऱ्याचा शब्द अडकला की तिच्या हातांची मूठ वळे आणि शब्द सुटला की उघडे. मी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते.

गोवा घटक राज्य झाले त्या वर्षीच्या सप्ताहाला एक मंत्री येणार असे ठरले. त्यांना नारळ देऊन लगेच दुसऱ्या गावी जायचे होते. देवळाच्या अध्यक्षांना घाम फुटला. गिरणीकाराच्या चालीने गेले तर मंत्री तवशापर्यंत पोचणारच नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुजें बेगीन जाता. औंदां तूं पुकार." माझे लवकर उरकते, म्हणून यंदा मी.

मी विचार करून सांगतो असे म्हणायला हवे होते. तेवढी रीत मला ठाऊक होती. पण माझ्या तोंडातून "हो" आधीच बाहेर पडले होते.

काल्याच्या दुपारी गिरणीकार नेहमीसारखा आला. इस्त्रीचा सदरा त्याने घातला होताच. तो मंडपात खाली बसला, खांबाला टेकून.

मी माईक घेतला. आधी देवाला वंदन, मग मंत्र्यांचे स्वागत, मग नव्या राज्याबद्दल चार वाक्ये, सगळे ठाशीव. नारळ घेतला. "एक वार, दोन वार, तीन वार." गेला. केळीचा घड. "एक वार, दोन वार, तीन वार." गेला. दोडकी, भेंडी, अननस. शब्द तांदळासारखे पडत होते. अध्यक्ष घड्याळ बघून मान डोलवत होते. मी मंडपाकडे पाहिले. लोक बसले होते, पण पाहुण्यांच्या घरी चहा न घेता उठायची वेळ आल्यासारखे. मागे दोघे-तिघे खाणीवरच्या पाळीबद्दल बोलत होते. एका बाईने शेजारणीला विचारलेले मला माईकवर असूनही ऐकू आले, "जालें? इतल्यांत?"

मग आईचे तवसे आले. ते मी नीट दोन्ही हातांनी उचलले. बोली सुरू झाली आणि तिसावर थांबली.

"तीस रुपये एक वार, तीस रुपये दोन वार..."

खांबापाशी एक हात वर झाला. गिरणीकाराचा. यंदा त्याच्या हातात माईक नव्हता, तो बोली लावू शकत होता. त्याने तोंड उघडले. "प... प..."

मी "तीन" म्हणायला जीभ टाळूला लावली होती. तेवढ्यात सगळ्या मंडपातून एकच ओरड उठली.

"राव रे मास्तर! गिरणीकाराचें येवंदी भायर!"

मी थांबलो. काय करणार? तवसे हातांवर, तोंड अर्धे उघडे. समोर तो उठून उभा राहिलेला, जबडा पुढे, पाय उचललेला. "प... प... प..." माणसे गुडघ्यांवर आली. मागचे दोघे खाण विसरले. मंत्री पुढे वाकले.

"पस्तीस?" कुणीतरी मदतीला धावले. त्याने जोराने मान हलवली. आता ती होकाराची की अडकलेल्या शब्दाची, हे देवालाच ठाऊक.

"न्हय जाल्यार पन्नास?" एका ट्रकमालकाने विचारले.

देवळाचे खजिनदार तयारच होते. "पन्नास! कोणें म्हळें पन्नास?"

"हांवें विचारलें फकत!"

"देवाच्या मांडवांत विचारिल्लेंय देवाक पावता. पन्नास!"

मंडप फुटला हसून. तो अजून "प... प..." करतोच आहे. दुसरीकडून एकजण म्हणाला, "पंचावन आसतले," आणि आपण काय केले ते कळून त्याने जीभ चावली. "पंचावन!" खजिनदार गरजले. ट्रकमालकाला ते सोसेना. "पंचाहत्तर! आतां विचारिना, सांगतां!" बायका डोळे पुसत होत्या. माझी आई, जी कधी मान वर करत नसे, ती सरळ समोर बघत हसत होती. मंत्र्यांचा सचिव घड्याळ दाखवत होता, मंत्री त्याचा हात बाजूला सारत होते.

आणि तेव्हा गिरणीकाराचा शब्द सुटला.

"प-पस्तीस!"

देवळाच्या घंटा हलल्या असतील इतके लोक हसले. तोही हसला. मग खाली बसला.

मी तवसे धरून उभा होतो. माझे हात दुखत होते. इतक्या वर्षांनी माईक माझ्या हातात आला होता, आणि त्या दुपारी मंडपात एकच माणूस बोलला होता, तोही एकच शब्द. मनात आले, याच्यापुढे आपण कितीही स्पष्ट बोललो तरी आपण माईकचा दांडाच.

तवसे ट्रकमालकाकडे गेले. गर्दी उठताना माझे लक्ष पहिल्या रांगेतल्या त्याच्या बायकोकडे गेले. तिची मूठ उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईने वेलावरचे दुसरे तवसे काढले आणि माझ्या हाती दिले. "गिरणीकाराक दी. ताका जाय आसलें." त्याला ते हवे होते हे तिने हेरले होते.

गिरण चालू होती. मी तवसे पुढे केले. त्याने ते घेतले, डाव्या हाताने उंच धरले, उजवा डोळा बारीक केला. दळणाला आलेल्या बायका हसल्या. मग त्याने ते बायकोच्या पिशव्यांशेजारी ठेवले. मला त्याचा आनंद झाला की राग आला ते सांगता येत नाही. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारले, जे इतकी वर्षे विचारायचे होते.

"दादा, खरे सांगा. तीनवर तुम्ही मुद्दाम अडकता?"

त्याने माझ्याकडे पाहिले. उठला आणि खटका ओढला. पट्टा फडफडत थांबला. गिरण इतकी गप्प झाली की चाळणीतून पीठ पडल्याचे ऐकू येऊ लागले. सगळ्या बायका आमच्याकडे बघत होत्या.

"मा... मास्तर," तो म्हणाला. जबडा पुढे आला. मी वाट पाहत राहिलो. "तु-तुमी सा-सारकें उलयतात, तें मु... मु-मुद्दाम?"

मी सरळ बोलतो ते मुद्दाम का, हे मला कुणी कधी विचारले नव्हते. वक्तृत्वात अशा वेळी टेबलावर हात आपटतात. इथे टेबल नव्हते.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, सदऱ्यावर पिठाचा पंजा उमटला. मग तवशाकडे बोट दाखवून हळू म्हणाला, "तवशें ब-बरें. पूण तिका दे-देवाचें जाय आसलें." बायको, जिला पावणीतलेच हवे होते, ती तिकडे तोंड करून चाळत होती. त्याने पुन्हा खटका ओढला आणि पुढचे काही ऐकू आले नाही.

पुढच्या श्रावणात माईक त्याच्याकडे परत गेला. कुणी ठराव केला नाही, चर्चा नाही. तो इस्त्रीचा सदरा घालून आला आणि माईकवाल्याने तो त्याच्या उंचीवर खाली केला. म्हणजे पुन्हा त्याच्या घरच्यांनी बोली लावायची नाही. मी मंडपात बसून दरवर्षी त्याला बघितले आणि दरवर्षी जळलो. एका वर्षी तर मी स्वतः त्याच्या "ती... ती..." मध्ये सापडून एका सुकलेल्या नारळाला अशी बोली लावली की आई आठवडाभर तो नारळ सगळ्यांना दाखवत होती.

काजूच्या एका मोसमात तो गेला. छातीत कळ आली म्हणून बसला आणि उठला नाही. अंत्ययात्रेत इतकी माणसे होती की मी, देव मला क्षमा करो, तीही मोजल्यासारखी बघत होतो. गिरण बंद झाली. पट्टा काढून भिंतीला टांगला आणि माझ्या ढालींसारखा तिथेच राहिला.

पावणी माझ्याकडे आली. आता अडवणारे कुणी नव्हते, आणि हेच मला फार विचित्र वाटत होते. शर्यतीत पहिला येणारा नसेल तर दुसऱ्याने कुणाच्या पाठीकडे बघून धावायचे?

त्या काल्याच्या दुपारी मी नारळ उचलला. "एक वार, दोन वार." आणि मंडप गप्प झाला. सगळी माणसे सवयीने पुढे वाकली, जबडा कधी पुढे येतो त्याची वाट बघत. त्या शांततेत कुणीतरी म्हणाले, "आनीक पांच." मग मीही थांबू लागलो. दोन वार म्हणून नारळावर फुंकर घालू लागलो. पावणी रंगली. बायका म्हणाल्या, "मास्तर, औंदां बरें पुकारतात." मी हसलो. आयुष्यात पहिल्यांदा गावाने माझी वाहवा केली, आणि तीही मी गप्प राहिलो त्या जागेची. ती जागा त्याचीच.

शेवटी आईचे तवसे आले. आता ती डोंगरावर चढू शकत नव्हती, परसातच एक वेल लावला होता. तवसे लहान होते. मी ते दोन्ही हातांवर घेतले. कुणी बोली लावायच्या आधी पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला. गिरणीकाराच्या बायकोचा आवाज, ती माईकच्या इतक्या जवळ बसूनही, मी कधी ऐकला नव्हता.

"पस्तीस."

ते तवसे त्याहून पुष्कळ चढले असते. ट्रकमालक खिशात हात घालत होता, मागे कुणीतरी घसा खाकरला होता, खजिनदाराने मान वर केली होती. माझ्या डोळ्यांना ते सगळे एकाच वेळी दिसले. तिची मूठ वळलेली होती.

"एकवारदोनवारतीनवार!"

एका श्वासात. धुतल्या तांदळाची अख्खी सूपभर रास. ट्रकमालकाचा हात खिशातच राहिला.

"मास्तर! जालें? इतल्यांत?" खजिनदार ओरडले.

मी खाली उतरलो आणि तवसे तिच्यापुढे धरले. तिने मूठ उघडून ते घेतले. त्याचा सगळा मान, सगळे हशे, सगळी शांतता मी त्याला देऊन टाकतो. पण हे एवढे एक त्याला जमले नसते.